कळशीतलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या हातांत पितळेची कळशी आहे, काठोकाठ भरलेली. चर्चच्या मोठ्या दारापासून वेदीपर्यंत ती न्यायची आहे, आणि थेंबही सांडायचा नाही. दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत. आणि ऐन अर्ध्या वाटेत तुमच्या मनात येतं, हे पाणी आलं कुठून?

रोवेनाच्या मनात तेच आलं. फक्त ती तेव्हा चर्चमध्ये नव्हती. गिरीज गावातल्या आजीच्या घराच्या ओट्यावर शनिवारची तालीम चालली होती.

"आजी, हे पाणी कुठलं?"

"क्लासमध्ये आजी नाही, टीचर," रेजिना खुर्चीतून म्हणाल्या. "आणि खाली बघून चाल. सांडतेयस."

रेजिना टीचरनी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, आणि रविवारची धर्मशिकवणी त्याहून जास्त. दर सप्टेंबरात एका मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, त्यांची मुलं आपापल्या वाडीतली एकेक गोष्ट वेदीपाशी नेत. कुणी अबोली, कुणी विड्याची पानं, कुणी शहाळं. प्रत्येकानं एकच ओळ म्हणायची: 'हे तू घडवलंस, प्रभू, तुझी स्तुती असो.' शेवटची यायची ती टीचरच्या घरची कळशी. तिच्यात त्यांच्या बावखलाचं पाणी असायचं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत केळी जगवायचं.

लेस्टर पुढे आला. त्याच्या हातात त्याच्या डोक्याएवढं केळफूल होतं.

"टीचर, हे मार्केटमधून आणलंय. आमच्या वाडीत आता बिल्डिंग आहे. चालेल ना?"

"देवाला पिशवी दाखवू नकोस, म्हणजे चालेल," प्रिस्का म्हणाली. ती बारा वर्षांची, सगळ्यांत मोठी. तिची आईसुद्धा याच ओट्यावर शिकली होती.

"केळफूल देवानंच केलंय. मार्केट आपण केलं," रेजिना म्हणाल्या. "म्हण ओळ."

लेस्टरनं ओळ म्हटली. मुलं हसली, रेजिनाही हसल्या, आणि तेवढ्यात त्यांना तो आवाज आला.

खर्र. खर्र.

ओट्याखालून नाही. अंगणातून, गाडी उभी होती तिथून. पेव्हर ब्लॉकच्या खालून. ओल्या मातीत नखं रुतावीत आणि पुढे सरकायला जागा नसावी, तसा.

त्यांनी मुलांकडे पाहिलं. कुणालाच काही ऐकू आलेलं नव्हतं. कधीच येत नसे. दोन वर्षं झाली, आवाज फक्त त्यांच्यापाशी यायचा. दुपारी घर निजलं की, कपडे वाळत घालताना, कधी ऐन प्रार्थनेत. मुलगा ॲलिस्टरनं माणूस बोलावून सगळं तपासलं होतं. "आई, घूसबीस काही नाही. खाली नुसती माती आहे," तो म्हणाला होता. नुसती माती. त्या दिवसापासून अंगणाच्या त्या कोपऱ्यात त्यांनी पाय ठेवला नव्हता.

"टीचर, कासवाची गोष्ट सांगा ना," प्रिस्का म्हणाली. "मम्मी म्हणते, तुम्ही दरवर्षी सांगायच्या. आम्हाला सांगितलीच नाही."

"उशीर होईल."

"चार तर वाजलेत."

बाकीच्यांनीही धोशा लावला. रेजिनांनी पदराने मान पुसली. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. जिभेवरच होती.

"उन्हाळ्यात बावखल आटतं," त्या म्हणाल्या. "मग कासव काय करतं? चिखलात खोल जातं आणि पाय, मान, सगळं आत ओढून झोपतं. खात नाही, पीत नाही. वर ऊन तापतं, चिखलाला भेगा पडतात, माणसं चालतात. कुणाला पत्ता नसतो. दोन-दोन महिने."

"श्वास?" लेस्टरनं विचारलं.

"अगदी थोडा. जगण्यापुरता. तेवढ्यात कसं भागवायचं, हे त्याला कोणी शिकवलं? आणि पाऊस आला हे कोण सांगतं? त्याच्याकडे ना घड्याळ, ना मोबाईल. तरी बरोब्बर त्या दिवशी माती हलते आणि एक नाक वर येतं. ज्यानं ते घडवलं, तो त्याला नावानं हाक मारतो, असं माझे वडील म्हणायचे. आम्ही काठावर बसून ते नाक बघायचो आणि..."

त्या थांबल्या. 'आणि स्तुती करायचो,' असं वाक्य होतं. इतकी वर्षं ते तिथेच यायचं.

रोवेनानं कळशी खाली ठेवली. ती नऊ वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी आई-डॅडींबरोबर नायगावच्या टॉवरमधून इथे राहायला आली होती.

"टीचर, आपलं बावखल तर गाडीखाली आहे ना? डॅडी म्हणाले."

"हो."

"मग ते कधी बुजवलं?"

रेजिनांना उत्तर माहीत होतं. मे महिना होता. ॲलिस्टरनं सांगितलं होतं, गाडीला जागा आणि दोन खोल्या वाढवल्या तर आम्ही येतो, नाहीतर नायगावच बरं. घरात नातीचा आवाज हवा म्हणून रेजिनांनी दहा बावखलं बुजवू दिली असती. डंपरबरोबर खाडीकडचा हरेश्वर आला होता, जुना माणूस. भरावाची पहिली खेप टाकण्याआधी तो काठावर उकिडवा बसला आणि बोटानं चिखल दाबून पाहत राहिला.

"टीचर, पानी आटलंय पन चिखल ओला हाय. खाली जनावर असंल. घटकाभर थांबतो, चार घमेली उपसून बगू?"

मागे ॲलिस्टर घड्याळ बघत उभा होता. "आई, आहे का काही?"

साऱ्या गिरीजला जी गोष्ट त्यांनी शिकवली, ती त्यांनाच विचारली जात होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."

हरेश्वरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग हात झटकून उठला.

"आजी," रोवेना म्हणाली. या वेळी टीचर म्हणायचं ती विसरली. "कधी बुजवलं?"

खर्र.

धर्मशिकवणीत मुलाला खोटं सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता. गेली दोन्ही वर्षं कळशीत गुपचूप नळाचं पाणी भरताना तो अर्धा मोडला होता. उद्या वेदीपाशी उभं राहून पुन्हा स्तुतीची ओळ सांगायची होती. गेल्या वर्षी त्यांचे नुसते ओठ हलले होते. आवाज फुटलाच नव्हता.

"उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. "कासवं झोपलेली असताना. मला माहीत होतं. माणसानं मला विचारलं, खाली काही आहे का? मी नाही म्हटलं. आणि त्या कळशीत नळाचं पाणी आहे."

लेस्टरनं केळफूल या हातातून त्या हातात घेतलं. प्रिस्का अंगणाकडे बघत राहिली.

"का नाही म्हटलं?" रोवेनानं विचारलं.

"तू यावीस म्हणून."

रेजिनांना वाटलं, पोर आता रडेल, नाहीतर आत पळेल. हात पुढे करण्याचंही त्यांचं धाडस झालं नाही. उद्या फादरना सांगून मिस्साच्या कामातून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

रोवेना रडली नाही. तिनं कळशी उचलली. तालमीत शिकवली होती तशीच, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. ओट्याच्या तीन पायऱ्या ती खाली उतरली, एक थेंबही न सांडता. गाडीपाशी जाऊन तिनं गुडघे टेकले आणि ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत पाणी ओतू लागली. हळूहळू, सगळं. पाणी फटीत जिरत गेलं. तिचे ओठ हलत होते. ओळ तीच असावी.

मग तिनं रिकामी कळशी बाजूला ठेवली, आडवी झाली आणि कान जमिनीला लावला. ओट्यावर लेस्टर काहीतरी पुटपुटला.

रोवेनानं एक हात वर केला, त्याला गप्प करायला.