खंडाचा दिवस

"नोकरीला कधी लागलात?" बँकेतल्या स्वप्नाली मॅडमनं विचारलं.

"दहा वर्षं झाली," धम्मप्रिया म्हणाली.

"कागदात तर पाचच महिने दिसतात."

धम्मप्रियानं नवऱ्याकडं पाहिलं. दयानंदनं फाईलकडं. उमरीच्या आरोग्य केंद्रात ती कंत्राटी नर्स. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. वर्षातून एकदा ती कागदावरून पुसली जाई आणि दुसऱ्या दिवशी नवी कोरी उगवे.

"सलग वर्षभर नोकरी लागते, ताई. नाहीतर तुमचा पगार धरता येत नाही. एकट्या सरांच्या पगारावर निम्मंच कर्ज बसतं."

दयानंद नांदेडच्या शाळेत क्लार्क. निम्म्या कर्जात नांदेडातलं तरोड्याचं घर येत नव्हतं. दोन खोल्या, मागं शेवग्याचं झाड. मालक सोमवारपर्यंतच थांबणार होता.

"मधल्या त्या खंडाच्या दिवशी तुम्ही कामावर होता, असं दवाखान्याचं पत्र आणलं तर मी वरती बोलून बघते."

"अवो, ही कामावरच होती की!" दयानंद खुर्चीतून उठलाच. "एका बाईचं बाळंतपण करून राहिली होती त्या दिवशी!"

तो उमरीपर्यंत मोटारसायकलवर गुणगुणत आला. मागं बसलेल्या धम्मप्रियाला मात्र हे जमेल असं वाटेना. ती होती, हे खरं. पण खंडाच्या दिवशी सही करायची नसते, म्हणून बाळंतपणाच्या रजिस्टरात तिनं आपल्या हातानं नाव लिहिलं होतं ते कस्तुराबाईंचं, कायम नोकरीतल्या नर्सचं. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी त्यापुढं सही केली. ह्या दवाखान्यात खंडाचा दिवस असाच भरून निघायचा, वर्षानुवर्षं.

कस्तुराबाई तिला दरवर्षी चिडवायच्या,

*अकरा महिने नांदते, माझी नोकरी पाहुणी,*
*एका दिसाला माहेरी, मग येते गं फिरूनी.*

आज सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "लिहून देते की, डॉक्टर त्यावर पत्र देतील. बाळंतपण तूच केलंस. मी हदगावला बारशाच्या घुगऱ्या खाऊन राहिले होते."

"आन् चौकशी लागली तर, बाई?"

"लागू दे. चार महिने राहिले रिटायरला. फाशी देतेत व्हय?"

त्यांनी कागद ओढला. दोन ओळी सरळ उतरल्या. तिसरीवर पेन थांबलं.

"मी 'रजेवर' लिहू का 'गैरहजर'?"

"रजा टाकली होती का?"

"न्हाई गं."

"मग?"

"मग काय... गैरहजर. पण मग सही कुणाची?" त्या हसल्या. हसता हसता रजिस्टराची पानं मागं-पुढं करू लागल्या, जणू तिथं कुठंतरी तिसरा शब्द सापडणार होता. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं, ते त्यांना कळलंही नाही.

धम्मप्रियानं त्यांच्या हाताखालचा कागद हळूच काढून घेतला.

"राहू द्या, बाई. तुमची पेन्शन अडकंल."

"अगं, पण घर?"

ती कागदाची घडी घालून बाहेर आली. फोन वाजला. स्वप्नाली मॅडम होत्या.

"मिळालं का पत्र? होता ना तुम्ही त्या दिवशी कामावर?"

"न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "मी घरीच होते."

दयानंद मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. हेल्मेट डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं.

"घरी होतीस?"

"आता तसंच म्हणायचं."

"मग मला डबा कुणी दिला त्या दिवशी?"

तिला आठवेना. त्या दिवशी काय रांधलं, का रांधलंच नाही, कोणतं लुगडं नेसलेली बाई ओरडत होती, सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

"निम्म्यात इथं उमरीत दोन खोल्या येतील," ती म्हणाली.

"आन् माझी शाळा?"

"एष्टीनं, मी येते तशी."

"पहिली गाडी कितीला हाय इथून?"

"मला नांदेडहून येण्याची ठाऊक. इथून जाण्याची विचारावं लागंल."

दोघं स्टँडकडं निघाले, विचारायला.