ग्राहकाचं संपूर्ण नाव

अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ताथोडांचा अडीच एकरांचा फुलमळा आहे, आणि मळ्याच्या कडेलाच त्यांचं पत्र्याच्या पडवीचं चार खोल्यांचं घर. चैत्र लागला की या घराचा दिवस मोगऱ्याच्या कळीवर ठरतो. कळी टपोरी झालेली असावी पण उमललेली नसावी, एवढ्याच अवधीत ती खुडावी लागते. म्हणून उजेड फुटण्याच्या बेताला मनकर्णाबाई दाराला कुलूप लावत, किल्ली पदराच्या गाठीला बांधत आणि वामनरावांच्या मागोमाग वाफ्यांत उतरत. एका ओळीत ते, शेजारच्या ओळीत त्या, असं एकावन्न वर्षं चाललेलं होतं. पूर्वी वामनराव खुडता खुडता सारखे बोलत असत. बाजारभाव, पाहुण्यांची उणीदुणी, सरकारची अक्कल, काहीही. गेल्या माघात अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्या घशातली आवाजाची पेटी काढून टाकली, तेव्हापासून त्या दोन ओळींमध्ये फक्त कळ्या तुटण्याचा बारीक आवाज उरला होता. गळ्याशी मलमलीचं फडकं आणि हाताशी पाटी-पेन्सिल घेऊन वामनराव वावरत. कान तेवढे पूर्वीसारखेच तिखट होते, आणि थट्टेची खोडही.

घरातला फोन वायरचा. त्यांचा मुलगा जीवन नोकरीनिमित्त अमरावतीला राहतो. चार वर्षांपूर्वी त्यानं हा फोन वडिलांच्या नावावर घेऊन दिला होता, आणि बिलही तोच तिकडून परस्पर भरत असे. त्यामुळे दिवाळीपासून दर महिन्याला ते थोडं थोडं चढतंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. चैत्रात ते तिपटीवर गेलं तेव्हा जीवननं कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, की या जोडणीवर काही जादा सेवा मागणीवरून सुरू झालेल्या आहेत आणि तक्रार त्याच फोनवरून नोंदवावी लागेल. वामनरावांना बोलता येत नाही. म्हणजे काम मनकर्णाबाईंवर आलं.

पहिल्या दिवशी बराच वेळ सनई वाजली आणि मध्ये मध्ये एक ध्वनिमुद्रित बाई तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगत राहिली. मनकर्णाबाई तिला दर वेळी "हो माय, असू दे" म्हणत होत्या. अखेर एक जिवंत मुलगा आला. त्यानं नमस्कार केला आणि विचारलं, ग्राहकाचं संपूर्ण नाव काय?

मनकर्णाबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी उघडं घेतलेलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या बायकांत हे काही नवल नाही. नाव म्हणजे माणसाचा बाहेर राहिलेला जीव. बायकोनं तो वारंवार तोंडात घोळवला तर त्याची झीज होते, अशी ती धारणा आहे. लग्नाकार्यात उखाण्यात गुंडाळून नाव घेता येतं, कारण तिथं शब्दांचं पांघरूण असतं. मनकर्णाबाई एवढ्या काटेकोर, की बळीराजाच्या कथेतल्या बटूलाही त्या तीन पावलांचा देव म्हणत. त्यात या नावातला मधला शब्द सासऱ्यांचा. तीन शब्दांपैकी त्यांच्या जिभेला मोकळं होतं ते केवळ आडनाव. आजवर अडचण आली नव्हती. रेशनच्या दुकानात त्यांनी कार्ड पुढे केलं होतं, मतदानाला चिठ्ठी, दवाखान्यात जीवन. जिच्यापुढे कागद धरता येत नाही अशी वस्तू त्यांच्या आयुष्यात ही पहिलीच.

"जीवनचे बाबा," त्या म्हणाल्या.

मुलानं पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं की नाव कंपनीच्याच कागदावर आहे, तुमी वाचा, मी हो म्हणते. त्याला ते चालत नव्हतं. मग त्यांनी संकोचत उखाणा घेऊ का असं विचारलं, तेव्हा मुलगा म्हणाला, की नावाच्या मागेपुढे दुसरे शब्द नकोत. तीनदा चुकल्यावर फोन आपोआप तुटला. समोर सतरंजीवर बसलेल्या वामनरावांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

असे चार दिवस गेले. रोज दुसरा माणूस, रोज तोच प्रश्न. पाचव्या दिवशी आलेल्या मुलीनं आपलं नाव रागिणी असं सांगितलं. तिनं मनकर्णाबाईंची सगळी अडचण ऐकून घेतली, मध्येच एकदा हसली आणि माझी आजीही अशीच होती असं म्हणाली. मग ती काहीतरी वाचत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज जरा बदललेला होता.

"पण मॅडम, आपण याआधी नाव सांगितलेलं आहे. नऊ वेळा."

मनकर्णाबाई म्हणाल्या की ते शक्य नाही. रागिणीनं तारखा वाचल्या. सगळे फोन सकाळी सहाच्या सुमारास याच घरातून लागलेले होते. दर वेळी एका बाईंनी नाव अचूक सांगितलं होतं आणि एखादी सेवा मागून घेतली होती. आधी गाणी, मग दुसऱ्या गावी जास्त वेळ बोलण्याची सोय, मग दोघांना हवं तितकं बोलता यावं अशी एक योजना.

थंडीत शेवंती असो की आता मोगरा, सहाच्या सुमारास घराला कुलूप असतं आणि आपण दोघं मळ्यात असतो, हे मनकर्णाबाईंनी सांगितलं. न सांगता मनात ठेवलं ते निराळंच. पहिली तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी वामनराव मळ्यातून आले ते घोगऱ्या आवाजात, आणि थंडी बाधली असेल म्हणून त्यांनी आलं-ज्येष्ठमध उकळून दिलं होतं.

"मंग ज्या बाईनं सांगतलं तिलेच म्हना ना, बंद कर म्हनून."

"मॅडम, आमच्या नोंदीत त्या बाई म्हणजे आपणच आहात."

सेवा बंद करायच्या तर नाव सांगावं लागेल. नाहीतर त्या चालू राहतील आणि त्या बाईंनी आणखी मागितल्या तर त्याही सुरू होतील, असं रागिणीनं शक्य तितक्या मृदूपणे सांगितलं. येत्या गुरुवारी अमरावतीला तपासणी होती. घशातलं दुखणं परतलंय की नाही ते डॉक्टर त्या दिवशी सांगणार होते. बिलाचं मनकर्णाबाईंना आता फारसं काही वाटेना. कोणीतरी आपल्या घरातून आपल्या माणसाचं नाव उघडं घेत होतं, आणि गुरुवारच्या आत ते थांबायला हवं होतं.

जीवन रविवारी आला. त्यानं अमरावतीहून भांडून भांडून एवढं पदरात पाडून घेतलं होतं, की कंपनी त्या फोनचं ध्वनिमुद्रण ऐकवील. दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. रागिणीच होती. जीवननं सगळ्यांना ऐकू येईल अशी कळ दाबली आणि तिघं फोनभोवती बसली, पूर्वी रेडिओभोवती बसत तशी.

आधी खरखर ऐकू आली. मग कोणीतरी ग्राहकाचं संपूर्ण नाव विचारलं.

"वामन शेषराव ताथोड," मनकर्णाबाईंचा आवाज म्हणाला.

आवाजाबद्दल शंकेला जागा नव्हती. शब्दाच्या शेवटी किंचित लांबणारा त्यांचा सूर, पुढच्या पडलेल्या दातामुळे होणारी ती बारीक शीळ, सगळं त्यांचंच. नवल होतं ते म्हणण्याच्या रीतीचं. त्यात भीती नव्हती, ओशाळलेपण नव्हतं. पान वाढून झाल्यावर बाईनं पडवीकडे तोंड करून हाक द्यावी, तसं ते नाव उच्चारलेलं होतं. जणू त्या तोंडाला त्याची फार जुनी सवय होती. आणि त्या आवाजाच्या मागून, घराच्या आतल्या अंगाला असावा इतक्या अंतरावरून, एका पुरुषाचा भरदार आवाज आला.

"काय वं? आलो, आलो."

वामनरावांचा हात नकळत गळ्याच्या फडक्यावर गेला.

"माय, हे तं तूच हाय," जीवन म्हणाला, "अन् हे बाबा." विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणून तो उठून मळ्यात गेला. त्या वेळी वीज नव्हती, आणि मोटार बंद आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

वामनरावांनी बोट गोल फिरवून खूण केली : पुन्हा. रागिणीनं पुन्हा ऐकवलं. त्यांनी आणखी एकदा खूण केली. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ‘आलो, आलो’पाशी त्यांचे ओठ हलले, आवाज नसलेल्या ओठांनी ते आपल्याच आवाजाच्या बरोबरीनं चालत होते. मनकर्णाबाईंनी तोंड फिरवलं. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच त्यांनी तो भरदार आवाज ऐकला होता. तो किती खोल होता हे आपण विसरायला लागलो होतो, याची त्यांना लाज वाटली. मग रागिणी म्हणाली, की बुधवारी दुपारी मी आहे, तेव्हा ठरवून फोन करा.

फोन ठेवल्यावर वामनरावांनी पाटी ओढून घेतली. लिहिताना त्यांच्या मिशीत लग्नाच्या पहिल्या वर्षीचं ते खोडकर हसू होतं.

‘तिनं घेतलं. तू कवा घेशीन?’

"आता म्हातारपनी काय हे सोंग तुमचं," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि हसत हसत त्यांनी पदरानं पाटी पुसून टाकली. त्या दिवशी त्यांनी आठवणीनं वामनरावांच्या मऊ खिचडीवर तूप जरा जास्तच वाढलं. भांडी घासताना मात्र त्यांचा हात मध्येच थांबला. आवाज त्यांचा आहे हे जीवननं ओळखलं होतं, कंपनीनं ओळखलं होतं, खुद्द त्यांनीही. वामनराव तेवढे ‘तिनं’ म्हणाले होते, आणि तेही इतक्या सहज, की जणू ती कोण हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

सोमवारी आणि मंगळवारी पहाटे त्या मळ्यात असूनही मळ्यात नव्हत्या. कळी खुडता खुडता घराकडे कान जाई. कुलूप दिसत होतं, किल्ली गाठीला होती, घर गप्प होतं. वामनराव शेजारच्या ओळीत वाकलेले होते. अधूनमधून ते मान वर करून तिकडे पाहत, आणि मनकर्णाबाईंना वाटे की आपण ऐकू पाहतोय ते त्यांना ऐकू येत असावं. मंगळवारी घराकडे पाहता पाहता वामनरावांनी हलकेच मान डोलावली. त्यांच्या टोपलीत कळ्या नेहमीच्या निम्म्याही नव्हत्या.

बुधवारी दुपारी पडवीत मोगऱ्याचा ढीग ओल्या फडक्यावर पसरून वामनराव गजरे ओवायला बसले. दवाखान्याची फाइल, दोघांचे कपडे आणि मधल्या वेळेसाठी धपाटे अशी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मनकर्णाबाई फोन घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. सनई संपली. रागिणी आली. तिनं घाई केली नाही. आपण तयार असाल तेव्हा सांगा, मी थांबते, एवढंच म्हणाली.

मनकर्णाबाईंनी डोक्यावरून पदर नीट घेतला आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहून मनातल्या मनात क्षमा मागितली. नाव घेतलं तर वामनरावांच्या आयुष्यातलं काहीतरी कमी होईल, अशी भीती अंगात मुरलेली होती. न घेतलं तर ती दुसरी घेत राहणार होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःजवळही प्रथमच कबूल केली. त्या रविवारी आपल्याच आवाजात ते नाव ऐकताना त्यांना हेवा वाटला होता. एकावन्न वर्षं जवळ असूनही न चाखलेली गोष्ट कोणीतरी खुशाल चाखत होतं. समोर वामनरावांनी दोरा थांबवला होता. हनुवटी जराशी पुढे करून ते त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात आर्जव होतं.

"वामन," त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन, "शेषराव ताथोड."

दुपारच्या शांततेत ते शब्द स्पष्ट उमटले. थोडे कापरे होते, पण नीट. काही कोसळलं नाही. उलट तोंडात एक अनोळखी गोडी रेंगाळली, आणि मनकर्णाबाईंचे डोळे आपोआप भरून आले.

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"धन्यवाद मॅडम," रागिणी म्हणाली. "सगळ्या सेवा बंद केल्या आहेत. आता आपल्या फोनवर जादा काहीच राहिलेलं नाही. आणि मागून सरांनी ओ दिली, तीही ऐकू आली. किती प्रेमानं देतात हो."

मनकर्णाबाईंनी फोन खाली ठेवला. पदरानं डोळे टिपून त्यांनी हसून वर पाहिलं.

वामनराव तसेच बसले होते. ओठ मिटलेले, गळ्यावरचं फडकं जागच्या जागी, दोरा बोटांत थांबलेला, नजर त्यांच्या तोंडाकडे लागलेली. अजून काही ऐकायचं राहिलं असावं तशी थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग समजूत काढावी तसं हसून त्यांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि त्यांच्याकडे वळवून धरली.

‘घाबरू नोको. घे आता. मी ऐकून राहिलो.’