प्रॉसरांची बाजू, गॉडसलांची बाजू

आमच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड नऊशे वर्षांचं आहे. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी शिकलेला माणूस येतो, गुडघे टेकून त्याचे फोटो काढतो आणि जाताना आम्हालाच बजावतो, "कृपा करून कोरीवकामाला हात लावू नका." आम्ही "हो, हो" म्हणतो, त्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो. हात लावायचा नाही म्हणे! मग बाप्तिस्मा करायचा कसा?

कुंडावर दोन चेहरे कोरलेत, एकमेकांच्या बरोबर पाठीला पाठ लावून. मधल्या जागेत दोन सिंह आहेत. सिंह कसले, कारागिराने जन्मात सिंह पाहिला नसावा, आमच्या गावातली मेंढरंच ती, फक्त शेपट्या लांब. दाराकडे बघणारा चेहरा प्रॉसर घराण्याचा आणि वेदीकडे बघणारा आमचा, गॉडसलांचा. का, ते विचारू नका. तसंच आहे. मुलाच्या डोक्यावर पाणी पडलं की त्याचा ओला हात घ्यायचा आणि आपल्या चेहऱ्याच्या नाकावर घासायचा, की ते मूल गावाचं झालं. इतक्या पिढ्यांनी घासून दोन्ही नाकं पार सपाट झालीत.

आणि ज्यांना चेहरा नाही, म्हणजे बाहेरून आलेले लोक, त्यांच्या मुलांनी सिंहाच्या शेपटीला हात लावायचा. शहरातून आलेला दंतवैद्य इथे राहायला लागून तीस वर्षं होतील, त्याच्या तिन्ही मुलांना शेपूटच मिळालं. त्याला त्यात गंमत वाटते. ब्रायनीला वाटत नाही.

ब्रायनी आठ वर्षांची असताना सरकारी गाडीतून आली. आई-बाप नाहीत म्हणून लोहाराच्या घरी सांभाळायला ठेवलेली पोर. तिचा बाप्तिस्मा इथेच झाला, आणि अर्थातच शेपटीवर. आता ती चोवीस वर्षांची आहे, दवाखान्यात नोकरी करते, मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्युरिएलला, दर महिन्याला आपल्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आणि वाटेत आमची भांडणंही सोडवते. या वसंतात तिला मुलगी झाली. मेबल. नवरा नाही. बाप कोण, ते ती सांगत नाही. पण सांगायची गरजच काय? पोरीचे कान बघितले की झालं. टोपीतून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले असे कान आमच्या तालुक्यात एकाच घरात मिळतात. प्रॉसरांचा धाकटा, गॅरेथ, मागच्या वर्षी अचानक समुद्रावर तेलाच्या विहिरीवर कामाला निघून गेला, तो नाताळलाही परतला नाही.

त्याची आई ॲव्हरिल. तिच्याशी मी शाळेपासून भांडत आलेय, त्यामुळे माझं मत धरू नका; पण बाई म्हणजे कडू कारलं. दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचा गॅरेथ तसला नाही. आणि आमच्या चेहऱ्याला कुणाचंही पोर येऊन हात लावेल, असं मी जिवंत असेतो होणार नाही."

ब्रायनी तिथेच पाव घ्यायला उभी होती. संध्याकाळी आमच्याकडे आली, स्वयंपाकघरात बसली, मेबलला मांडीवर हलवत राहिली आणि मग म्हणाली, "थेल्मा, मी शहरात जाऊन करते बाप्तिस्मा. तिथे साधं पांढरं कुंड आहे, त्यावर काहीच कोरलेलं नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. तिकडेच घर बघते. माझ्या पोरीला शेपूट नको."

मला ती जायला नको होती. खरं सांगते, डोळ्यांच्या डॉक्टरसाठी नाही. आम्हा दोघी बहिणींना ना नवरा, ना मूल. गॉडसल म्हणून आम्हीच उरलोय. आमच्या चेहऱ्याला शेवटचा ओला हात लागला तो माझा, आणि मी आता बहात्तर वर्षांची आहे. दर शनिवारी मी ते कुंड जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करते. आणि दर वेळी मनात येतं, की बाबा रे, तुझं नाक आता काही झिजायचं नाही.

"आमचा चेहरा घे," मी म्हटलं.

शेजारी चहा ढवळत बसलेल्या म्युरिएलने हातातला चमचा बशीवर आपटला.

"थेल्मा! डोकं ठिकाणावर आहे ना? गॉडसलांचा चेहरा म्हणजे जत्रेतली मिठाई वाटली का तुला? येईल त्याच्या हातावर ठेवायला?"

"मग काय करायचंय त्याचं? बरोबर घेऊन जाणारेस?"

"रीत आहे ती!"

"रीत पाळायला माणसं लागतात, म्युरिएल. कुठायत? तू आणणारेस आता? चल, बघूया, लाग तयारीला."

म्युरिएल शहात्तर वर्षांची आहे. ती लाल झाली, ब्रायनीला हसू फुटलं आणि मेबलला उचकी लागली. मग म्युरिएल उठली आणि म्हणाली, "करा काय करायचं ते. मी त्या दिवशी पुढच्या बाकावर बसणार नाही, एवढं लक्षात ठेवा." आणि झोपायला निघून गेली. संध्याकाळचे सातही वाजले नव्हते.

आमच्या पाद्रीबाई पॉलीन शहरातल्या, त्यांच्याकडे सात गावांची सात चर्चं. त्यांनी डायरीत बघून सप्टेंबरचा तिसरा रविवार दिला. मी धर्ममाता व्हायचं ठरलं. झालं, गावभर बोभाटा! कसायाच्या बायकोने मला रस्त्यात मिठी मारली, आणि पोस्टातल्या माणसाने मान फिरवली, तो ॲव्हरिलचा मावसभाऊ.

आणि नशीब बघा, त्या आठवड्यात चर्चमध्ये फुलं मांडायची पाळी नेमकी ॲव्हरिलची. फुलांच्या पाळीत कोणी ढवळाढवळ करत नाही. आमच्याकडे तो मान आहे आणि त्यावरून लग्नंही मोडलीत. शनिवारी दुपारी मी ब्रश घेऊन चर्चमध्ये गेले, तर बघते तर काय! कुंडाची दाराकडची अख्खी बाजू फुलांत गाडून टाकलेली. डेलिया, शेवंती, हायड्रेंजियाचे हे एवढाले गुच्छ आणि खालून वरपर्यंत आयव्हीच्या वेली, तारेने आवळून. आपल्या चेहऱ्याभोवती बाईने किल्लाच बांधला होता. मेबलचा हात चुकूनसुद्धा पोचू नये म्हणून!

"मर मेले," मी चर्चमध्येच म्हटलं. देवाने ऐकलं असेल तर ऐको.

मग मी पलीकडे, वेदीच्या बाजूला जाऊन बसले आणि आमच्या चेहऱ्याला घासायला घेतलं. आधी कपाळ, मग डोळे, मग मिशा. आणि माझा हात थांबला.

मिशा खाली होत्या.

आमच्या गॉडसलाच्या मिशांची टोकं वर वळलेली आहेत. पैज जिंकून आलेल्या माणसासारख्या मिशा. प्रॉसरांच्या मात्र खाली लोंबतात. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? सगळे नाक बघतात, आणि नाकं दोन्ही सारखीच सपाट. त्यातून चेहरा बघून ओळखायची आमच्यात पद्धतच नाही; दाराकडचा प्रॉसर, वेदीकडचा गॉडसल, संपलं. आपल्या घरात शिरताना दारावरची पाटी कोणी वाचतं का?

मी चष्मा पुसला. मिशा खालीच. उठून पलीकडे गेले, ॲव्हरिलच्या वेली जरा बाजूला सारल्या, डेलियांमध्ये नाक खुपसून आत बघितलं. आत आमचा गॉडसल! मिशा वर, गालावर शेवंतीची पाकळी.

मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या महिन्यात कुंडाखालची ओल काढायला गवंडी आले होते. त्यांनी कुंड उचललं, खालची फरशी बदलली आणि पुन्हा ठेवलं. ठेवताना उलटं ठेवलं, पुढची बाजू मागे. त्यांना बिचाऱ्यांना काय, दगड तो दगड. मी मधले शनिवार गुडघा धरला म्हणून घरी होते. आणि अख्खा गाव तीन रविवार त्या कुंडाशेजारून ये-जा करत होता!

पहिल्यांदा हसू आलं. ॲव्हरिलने एवढा घाम गाळून, आपली फुलबाग ओरबाडून, आमचा चेहरा झाकला होता. आणि आपला उघडा टाकला होता. उद्या मेबलचा हात गॉडसल म्हणून लागणार, तो तिच्या खऱ्या बापाच्या घराण्याच्या नाकाला. मी हसले ते दगडी खांबांमध्ये घुमलं.

मग हसू गेलं आणि रडू यायला लागलं. म्हणजे आमचा कोरडाच राहणार. इतकी वर्षं वाट बघून, ज्या दिवशी एक मूल त्याच्यासाठी येणार, त्याच दिवशी तो ॲव्हरिलच्या फुलांखाली तोंड दाबून बसणार.

सांगावं का? पाद्रीबाईंना सांगितलं तर त्या सरळ म्हणतील, मग दाराच्या बाजूने करू. म्हणजे ॲव्हरिलची फुलं हलवा, म्हणजे महायुद्ध, म्हणजे ब्रायनी पोरीला उचलून चालती होणार. नाही सांगितलं, तर ब्रायनी राहील. सगळा हिशोब मोडायचा की राखायचा, ते माझ्याच हातात होतं. निदान म्युरिएलला तरी सांगू म्हणून घरी आले, तर ती इस्त्री करत उभी. आमच्या बाप्तिस्म्याची शाल, जी आईच्याही अंगावर होती, ती तिने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढली होती.

"बघतेस काय? कसरीने खाल्ली नसेल तर पोरीला गुंडाळू," ती म्हणाली. "सप्टेंबरात चर्च गारठलेलं असतं."

मग मी तिलाही मिशांचं सांगितलं नाही. फुलंही मी जशीच्या तशी सारून ठेवली होती.

रविवारी चर्च भरलं. म्युरिएल पुढच्या बाकावर, आणि तेही निळी टोपी घालून. ॲव्हरिल सगळ्यात मागे, दाराजवळ, हातांची घडी घालून. मेबल माझ्या हातात. पाद्रीबाईंनी मुलीचं नाव विचारलं, मी मोठ्याने सांगितलं, आणि त्यांनी पाणी घालायला तिची टोपी काढली. कान सुटे झाले! उजवा जरा जास्तच. मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं. पाणी पडलं तशी मेबलने असा सूर लावला, की छपरातली कबुतरं उडाली.

ब्रायनीने तिचा ओला हात धरला आणि वेदीच्या बाजूच्या नाकावर घासला. नीट, दोनदा. म्युरिएल बाकावरून म्हणाली, "जरा जोरात, अगं, आम्ही काही मोडत नाही." लोक हसले. मीही हसले. खाली लोंबणाऱ्या मिशांवरून पाणी ओघळलं, मी बघितलं, आणि मनात म्हटलं, चला थेल्माबाई, हे तरी झालं.

तेवढ्यात मागे बाक करकरलं. ॲव्हरिल उठली होती. ती मधल्या वाटेने आली, टाचा खाडखाड वाजवत, आणि मेबलच्या कानांकडे बघत उभी राहिली. तिचा नवरा वारला त्याला चार वर्षं झाली. त्याचे कान मला आठवतात. तिला न आठवून कसं चालेल? आता ही काय बोलते म्हणून मी पोरीला छातीशी धरलं.

ॲव्हरिल वळली आणि तिने फुलं उपसायला सुरुवात केली. डेलिया फरशीवर, हायड्रेंजिया पाद्रीबाईंच्या बुटांवर, आयव्ही तारेसकट. तार बोटात घुसली तरी थांबली नाही.

"सगळं गॉडसलांनीच करायचं का?" ती म्हणाली. आवाज फाटलेला होता. "प्रॉसर मेलेत काय?" मग ब्रायनीकडे वळून, एकदम हळू, "देतेस का गं तिला माझ्याकडे? नाही म्हणालीस तरी चालेल. मी दुकानात जे बोलले ते... देतेस का?"

ब्रायनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि मेबल माझ्या हातातून ॲव्हरिलच्या हातात गेली. त्या बाईने कुंडात स्वतःच्या हाताने पोरीची बोटं बुडवली आणि दाराच्या बाजूच्या नाकावर टेकवली. "ही आमची आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या गॅरेथची. मी त्याला आजच फोन करते."

पाणी त्या सपाट नाकावरून खाली आलं आणि वर वळलेल्या मिशांच्या टोकांत अडकून राहिलं. मला आवरेना. मी भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले.

ॲव्हरिलने बघितलं. तिला वाटलं, मी तिच्यामुळे रडतेय. बाहीतून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "पुरे गं थेल्मा. एवढं काय त्यात? प्रॉसर काही दगड नाहीत."

मी नाक पुसलं. जन्मात कधी त्या बाईकडे काही मागितलं नव्हतं.

"ॲव्हरिल," मी म्हटलं, "अजून एकदा लाव ना तिचा हात."

तिची मान ताठ झाली, चेहरा खुलला. "लावते की," ती म्हणाली, आणि तिने मेबलचा हात पुन्हा पाण्यात बुडवला.