ओनोदेराचं गाणं

मोसमातल्या शेवटच्या, घरच्या मैदानावरच्या सामन्याला उजवीकडच्या बाकांवर दोनशे अकरा माणसं होती, त्यांतली नऊ झोपलेली. शिवाय एक ढोल, तीन झेंडे, एक ट्रम्पेट आणि मिसो घालून शिजवलेल्या इमोनीचं, म्हणजे अळकुड्यांच्या रश्शाचं, मोठं पातेलं. सगळ्यात जास्त गर्दी त्या पातेल्याभोवती होती. ट्रम्पेट इकुयोचं होतं आणि मोजणीही तिचीच. आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या बाईला रविवारी तरी स्वस्थ कसं बसवेल?

जपानमधल्या साकाताचा बेसबॉल संघ, पेलिकन्स, सलग सहाव्या वर्षी तळाला होता. जुलैत त्यांनी ओळीने पाच सामने जिंकले तेव्हा मासळीबाजारात अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. ऑगस्टमध्ये ते ओळीने अकरा हरले, तेव्हा तीच माणसं म्हणू लागली, "बेसबॉल? तो काय असतो बुवा?" इकुयोनेही दोनदा ट्रम्पेट कपाटावर टाकलं होतं. दोन्ही वेळा पुढच्याच सामन्याला स्टूल घेऊन खाली काढलं.

आज तिला जिंकण्या-हरण्याची फिकीर नव्हती. तिचा जीव अडकला होता ओनोदेरात.

या बाकांवर प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं होतं. तो खेळायला आला की तेच वाजायचं. पण आधी मुख्य संघाकडून खेळताना बेस गाठून देणारे दहा फटके त्याच्या नावावर हवेत, असा या गाणाऱ्या पाठीराख्यांच्या दलाचा नियम होता. तोवर सगळ्या नवख्यांना मिळून एकच सरसकट गाणं. ओनोदेरा हा राखीव कॅचर. नऊ वर्षं संघात, आणि फटके नऊ. त्याचं गाणं इकुयोने पाच वर्षांपूर्वीच रचून ठेवलं होतं. आणि आज सकाळच्या पेपरात, संघ ज्यांना सोडणार म्हणे, त्यांत त्याचं नाव होतं.

"दांचो, आज एकदाच वाजवू द्या," ती म्हणाली.

दलाचे म्होरके कुराता एरवी न्हावीकाम करायचे. मैदानात पांढरे हातमोजे चढवले की सगळ्यांचे दांचो.

"दहा झाले?"

"नऊ."

"मग?"

"मग काय मग! नऊ वर्षं दुसऱ्यांचे चेंडू झेलून बोटं वाकडी झाली त्याची."

"इकुयोसान, नियम माझ्या आधीच्यांनी केलाय. आज तुम्ही, उद्या दुसरं कुणी. जो तो आपापल्या लाडक्याचं गाणं घेऊन येईल."

"येऊ द्या की," ढोलवाला तोगाशी वाडग्यातून तोंड वर न काढता म्हणाला. "तेवढीच बाकं भरतील."

"तू खा गप."

"गाणं म्हणजे काय फटक्याची मजुरी आहे का?" इकुयोने विचारलं. "फटका बसावा म्हणून तर गातो ना आपण?"

कुराता झेंडेवाल्यांवर ओरडायला निघून गेले.

शेवटच्या, नवव्या डावात पेलिकन्स तीन-सहाने मागे होते. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास; एक जण दुसऱ्या बेसवर. लोक पिशव्या आवरू लागले होते. इतक्यात भोंग्यावर पुकारा झाला: बदली फलंदाज, ओनोदेरा.

कुरातांनी हात वर केला. सरसकट गाण्याची खूण. इकुयोने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि स्वतःची चाल सुरू केली.

बाकांवर कुणालाच ती माहीत नव्हती. एकटं ट्रम्पेट वाजत राहिलं, लग्नात चुकून आधी उठलेल्या पाहुण्यासारखं. कुरातांनी वळून असं पाहिलं, की तिचा एक सूर घसरला. तोवर ओनोदेराने दोन चेंडूंना बॅट नुसती हवेत फिरवली. दोन स्ट्राइक. आणखी एक चुकला की मोसम संपला, आणि बहुधा त्याचं इथलं खेळणंही.

तिसरा चेंडू बॅटला चाटून रेषेबाहेर गेला. तसा गेलेला चेंडू तिसरा स्ट्राइक धरत नाहीत. फलंदाज तिथंच उभा राहतो. चौथाही तसाच. पाचव्याला तोगाशीने वाडगा खाली ठेवला आणि ढोलावर ठेका धरला.

"अरे, शब्द काय आहेत?" मागून कुणीतरी ओरडलं. इकुयोचं तोंड तर ट्रम्पेटला. सांगणार कोण?

कुराता बाकावर चढले आणि घसा फाडून ओरडले, "वारं सुटलंय समुद्रावरनं, ओनोदेरा! आता वाट कसली बघतोस!"

इकुयो वाजवायची थांबलीच.

"बघता काय? वाजवा! पाच वर्षं माझ्या खुर्चीत केस कापून घेताना हेच गुणगुणताय. पाठ होणार नाही तर काय!"

सहावा रेषेबाहेर. पहिल्या दोन रांगा गाऊ लागल्या. सातवाही बाहेर. आता पातेल्याजवळचे लोकही गात होते. जे पिशव्या घेऊन जिन्यापर्यंत गेले होते, ते तिथूनच गात होते. आठव्या चेंडूपर्यंत झोपलेले नऊही उठले होते.

नववा चेंडू ओनोदेराने मारला. जोराचा नव्हता. तो दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातावरून जेमतेम गेला आणि गवतात पडला. पुढचा धावपटू होम बेसवर पोचला, एक धाव मिळाली, ओनोदेरा पहिल्या बेसवर.

बेस गाठलेल्यासाठी गात नाहीत. पुढच्याचं गाणं लगेच सुरू व्हायला हवं. पण लोक थांबेनात, आणि कुरातांनी थांबवलंही नाही. ओनोदेरा बेसवर उभा राहून उजवीकडच्या बाकांकडे बघत होता, कान देऊन, जणू हे आपलंच नाव आहे का याची खात्री करत होता. मग त्याने शिरस्त्राण काढलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"नियम मोडला आपण," इकुयो दम लागलेल्या आवाजात म्हणाली.

"थोडा आधी पाळला," कुराता म्हणाले आणि हातमोज्याने नाक पुसलं. "पुढच्या वर्षीच्या गाण्यांच्या पत्रकात छापा. चाल जरा खालच्या पट्टीत घ्या, माझा घसा बसला."

"तो नसला तर?"

"असला तर?"

पुढचा फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला. फलक लागला: पाहुणे सहा, पेलिकन्स चार. मोसमातला एकोणनव्वदावा पराभव.