बोडीचं पाणी लाल काहून झालं?

करडी गावाच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात १९८५च्या आश्विनात रोज दुपारी जत्रा भरायची. बोडीच्या, म्हणजे गावतलावाच्या, पाळीवर पाय ठेवायला जागा नसे. पार सिहोऱ्याहून बैलबंड्या येत. भर उन्हात बोडी रक्तासारखी लाल दिसे आणि बाहेरून येऊन पाळीवर बसलेल्या पाणीबाबांनी मंत्र म्हटले की सांजेपर्यंत हिरवी होई.

"पाहा, पाहा!" बाबा शंख खाली ठेवून ओरडत. "दुपारी माय कोपते, अन् हा दास तिले शांत करते! उद्या पुन्हा कोपंल. काहून? तिले बाटवणारी अजून गावातच बसून हाये!"

देवीचा कोप वेळेवर चढायचा आणि वेळेवर उतरायचा. ढगाळ दिवशी तर ती कोपतच नसे; त्या दिवशीचं श्रेय बाबा आपल्या उपासाला देत. पण हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

बाटवणारी कोण, तेही बाबांनी सांगितलं होतं. कुंताबाई. ही विधवा बोडीत जाळं टाकून मासोळ्या धरी, शिंगाडे काढी आणि त्यावर जगे. बाबांनी बोट दाखवताच जागेश्वर पुढे झाला. बोडीच्या वरच्या अंगाला त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, होती; गावातला सुधारलेला शेतकरी म्हणून लोक त्याचं ऐकत. त्यानं कुंताबाईच्या हातातलं जाळं हिसकलं आणि सरळ बाबांच्या होमात टाकलं.

"जागेश्वर," ती जळत्या जाळ्याकडे पाहत म्हणाली, "तुई बायको बाळंतीण होती तवा याच जाळ्यातल्या मासोळ्या आणून देल्या होत्या मी."

"चूप बस!" तो म्हणाला. दिवाळीच्या आत तिनं गाव सोडावं, असं पंचांनी ठरवलं.

चंद्रकांताबाई गावच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि जागेश्वरच्याच घरी भाड्यानं राहत. सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी हे सारं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोडीवर गेल्या, लोणच्याच्या बरणीत लाल पाणी भरून आणलं आणि ओसरीवर सावलीत ठेवून वर पोतं टाकलं.

"हे काय करून रायल्या, बाई?" जागेश्वरनं विचारलं.

"काही नाही. तुम्ही जेवून घ्या."

जेवण झालं, जागेश्वरची डुलकीही झाली. बाईंनी पोतं उचललं. बरणीतलं पाणी हिरवं झालं होतं. बोडीवरून बाबांच्या मंत्रांचा आवाज अजून येत होता आणि तिथलं पाणी अजून लालच होतं.

"कुणी मंत्र म्हटला इथं?" बाईंनी विचारलं.

बाईंनी बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळानं पाण्यावर लाली चढू लागली.

"यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव आहेत, जागेश्वरभाऊ. ऊन तापलं की अंगातला लाल रंग वर पसरतात, आपण डोक्यावर छत्री धरतो तसा. ऊन उतरलं की रंग मिटून घेतात, हिरवे दिसतात. ढग असले तर छत्री लागतच नाही. आता मला सांगा, अशी लाली दरसाल येत होती का?"

"नाई. यंदाच."

"हे जीव असे माजायला खत लागतं. पाण्यात एवढं खत आलं कुठून? यंदा गावात नवीन काय झालं?"

यंदा तणनाशक जागेश्वरनंच आणलं होतं. निंदण, म्हणजे तण उपटायचं काम, वाचलं म्हणून हुरळून जाऊन त्यानं बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध, आणि पाळीपर्यंतचा उतारही फवारला. गवत जळून गेलं. श्रावणातल्या झडीत उघडे धुरे फुटले. बांध्यांतली माती आणि तिच्यात नुकताच टाकलेला युरिया सारं बोडीत गेलं. एरवी ते गाळून धरणारं गवत राहिलंच नव्हतं. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याची नजर ओसरीवरच्या फवारणी पंपाकडे गेली आणि बाईंनी ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दोन बरण्या घेऊन पाळीवर गेल्या आणि दोन्हींत लाल पाणी भरलं. एक उन्हात ठेवली, एकीवर पोतं टाकलं.

"बाबा, उन्हातली बरणी मंत्रानं हिरवी करून दाखवा."

बाबांनी शंख फुंकला, राख उधळली, घाम पुसला. बरणी लालच. मग बाईंनी पोतं काढलं. खालचं पाणी हिरवं होतं! आधी कुणी पोरगी हसली, मग सगळी पाळ हसायला लागली. "मायची इच्छा..." असं पुटपुटत बाबा झोळी आवरू लागले.

तेवढ्यात पंचांतल्या तुलाराम पाटलांनी विचारलं, "पण बाई, मंग यंदाच काहून?"

बाईंनी एकदा जागेश्वरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी नाव घेतलं नसतं, हे त्याला कळलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"माह्यामुळं," तो म्हणाला. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, "माह्या औषधानं गवत मेलं, अन् माहा युरिया बोडीत गेला. कुंताबाईनं कायी नाई केलं."

पाळीवरचं हसू थांबलं. तिला हाकलायला माना डोलावणारे सगळे तिथंच उभे होते. कुणी कुणाकडे पाहीना.

जागेश्वर कुंताबाईच्या झोपडीकडे गेला. ती भांडी गाठोड्यात बांधत होती.

"बाई, माफ कर. चुकलो मी. नवं जाळं आणून देतो."

"आणून दे," ती म्हणाली. "जाळं तं लागंलच." मग हात थांबवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा परका होता रे. तो मले वळखत नव्हता. तू तं वळखत होता ना?"

तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला.

पंचांनी आपला ठराव मागं घेतला आणि कुंताबाई गावातच राहिली. पुढच्या साली जागेश्वरनं धुऱ्यांवर गवत राखलं, उतारावर फवारा मारला नाही, आणि पाऊस पाहून बेतानं युरिया टाकला. लाली हळूहळू ओसरली. तणनाशकात भूत नव्हतं, बोडीत देवी कोपली नव्हती आणि कुंताबाईत तर काहीच वाईट नव्हतं. पाणी बिघडलं तर ते कुठून वाहत आलं, वाटेत आपलं शेत लागतं का, हे आधी पाहावं. तो शोध आपल्या दारापर्यंत येईल म्हणून आपण भितो, आणि त्या भीतीपोटी एखाद्या बाईला गावाबाहेर काढायला तयार होतो. विचार करायला मंत्र लागत नाही. थोडी लाज पत्करायची तयारी मात्र लागते.