स्टँड नाही म्हणून

सकाळी वेणी घालायला बसली तेव्हा सुमंगल खरातच्या उजव्या हाताची चार बोटं लोखंडाची झालेली होती. चारही आकड्यासारखी वाकलेली. तिनं ती ताटावर आपटून पाहिली. ठण्ण वाजली.

"झालं! हेच राहिलं होतं."

संधिवात तिला नवा नव्हता. रोज उठून हात गरम पाण्यात बुडवायचे, गोळी घ्यायची, एकेक बोट उघडायचं आणि मग हॉस्पिटल गाठायचं. आज पाणी गार झालं तरी बोटं ढिम्म.

नवरा चहा ढवळत म्हणाला, "तेल घालून बघ."

"शिवणयंत्र आहे का मी?"

"मग रजा टाक."

रजा म्हणे! मूठ न उघडणाऱ्या नर्सला मेट्रनबाई सरळ कपड्यांच्या कोठीत धाडत. तिथे दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या, पेशंटचं तोंडही दिसायचं नाही. आणि शीर शोधावी ती सुमंगलनंच, असं अख्खा वॉर्ड म्हणायचा. सगळ्यांनी टोचून टोचून चाळण केलेला हात शेवटी तिच्यापुढे यायचा. ती बोटाचं टोक फिरवायची आणि शीर सापडायची. कोठीत जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

ती तशीच वॉर्डात गेली. मेट्रनबाई राउंडला आल्या त्या सगळ्या नर्सचे हात बघतच. सुमंगलनं उजवा हात पाठीमागे लपवला. शेजारच्या खाटेवर यशोदाबाई होत्या आणि त्यांच्या सलाईनचा स्टँड नेहमीसारखा कलंडला होता. तिनं बाटली काढली, लोखंडी बोटांत अडकवली आणि हात उंच धरला.

"हे काय, सिस्टर?"

"स्टँड मोडलाय, मॅडम. म्हणून धरलीय."

मेट्रनबाईंनी थेंब नीट पडतायत का ते पाहिलं. "छान. असंच धरून राहा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. सुटले बाई, असं सुमंगलला वाटलं.

मग हात खाली येईना.

थोड्या वेळानं वॉर्डबॉय नामदेव एकेक स्टँड उचलून नेऊ लागला.

"अरे, कुठे नेतोस?"

"भंगारात. मेट्रनबाई म्हणाल्या, आता लागायचे नाहीत."

दुपारी डावा हातही वर गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या बोटांत कुणी सलाईन अडकवलं, कुणी रक्ताची पिशवी. प्रत्येक जण म्हणे, "पाचच मिनिटं हं, सिस्टर." तिची पाचही मिनिटं कुणी परत केली नाहीत.

"मी नर्स आहे!" ती ओरडली.

"हो ना," नामदेव म्हणाला. "म्हणून तर."

एवढ्यात यशोदाबाईंची सुई निघाली आणि हात सुजला. मेट्रनबाईंनी स्वतः टोचून पाहिलं, पण शीर काही मिळेना.

"खरात सिस्टरांना बोलवा."

"मी इथेच आहे, मॅडम."

मेट्रनबाई तिच्या बगलेखालून वाकून दारापर्यंत पाहून आल्या. "कोठीत बघा." नामदेव जाऊन आला. "कोठीत नाहीत."

"ऐन वेळी पळाली," मेट्रनबाई म्हणाल्या. "कामचुकार!"

सुमंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मनगटाच्या वर बघा! अंगठ्याच्या बाजूला, जरा खोल!"

मेट्रनबाईंनी तिथे टोचलं. नळीत रक्त आलं. "मिळाली," त्या म्हणाल्या. कोण बोललं ते त्यांनी विचारलं नाही. नळी बाटलीला जोडली, बाटली सुमंगलच्या बोटात सरळ केली आणि हात धुवायला गेल्या.

संध्याकाळी यशोदाबाई उठल्या. सुमंगलची कंबर धरून म्हणाल्या, "चला, बाथरूमला जाऊन येऊ," आणि ढकलू लागल्या. सुमंगलनं खाली पाहिलं. पांढऱ्या बुटांखाली चाकं होती. त्यातलं एक अडकत होतं.

वॉर्डच्या दारात उंबरा होता. तो ओलांडताना तिचा गुडघा रोज जीव काढायचा. आज चाकं धडधडत पलीकडे गेली आणि काहीसुद्धा दुखलं नाही. ते मात्र तिला अजिबात सहन झालं नाही.

"मागे घ्या!" ती किंचाळली. "दुखलं नाही, यशोदाबाई! मागे घ्या मला!"

यशोदाबाई थांबल्या. वाकून चाकाकडे पाहिलं.

"केवढा करकरतोय मेला," त्या म्हणाल्या. "तेल घालायला हवं याला."