उसळी नसलेला चेंडू

ऑकलंडातल्या हेंडर्सन उपनगरातल्या त्या ॲनिमेशन वर्गाचा नियम मोठा खाष्ट. संगणकावर सगळ्यांनी तोच करडा गोळा उडवायचा, ना रंग, ना शिवण. तो कसला चेंडू आहे, हे बघणाऱ्यानं नुसत्या उसळीवरून ओळखायचं. खोलीतल्या एकालाही ओळखता आलं नाही, तर पुढचं सत्र बंद.

सेलुकाची आज शेवटची संधी. दोनदा तिनं टेनिसचा चेंडू करून पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पोरं "बटाटा!" म्हणून खिदळली होती. मग तिनं हट्टानं आपल्या बेटावरचा चेंडू घेतला, केवड्याच्या पानांनी विणलेला. संगणक मेला स्वतःचं शहाणपण चालवून जमिनीजवळ वेग मंद करायचा. सेलुकानं वेगाच्या रेषेवरचा एकेक बिंदू ओढून त्याला ताळ्यावर आणलं.

पडद्यावर गोळा वरून आला, धप्पकन पडला, बोटभर उसळला आणि बसला.

"पिठाची पिशवी?"

"छे, ओला टॉवेल!"

शिकवणारी ब्रॉनविन हळूच म्हणाली, "अगं, उसळी वाढव ना थोडी. बास्केटबॉल होईल, लगेच ओळखतील. दोन मिनिटं देते."

दोन आकडे बदलले की काम भागलं असतं. सेलुकाचा हात माऊसवर गेला आणि तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात तिला न्यायला आलेला बाप, टाउकिए, दारात उभा राहिला. म्हातारा सदा करवादलेला. फळं भरायची कायमची नोकरी सोडून लेक पंचेचाळिसाव्या वर्षी चेंडू उडवायला जाते, याचा राग त्याच्या नाकावर.

"आटपलं का तुझं?"

"एकदाच दाखवते," ती म्हणाली, आणि काही न बदलता तिनं कळ दाबली.

गोळा खाली येऊ लागला. म्हाताऱ्यानं हातातली पिशवी टाकली, दोन्ही तळवे वर करून तो पुढे झेपावला आणि गोळा धप्पकन पडताच ओरडला, "अगं, बघतेस काय! पडला की! गेला गुण त्यांना!"

"काय पडलं, आजोबा?" ब्रॉनविननं विचारलं.

"आनो! दुसरं काय? केवड्याच्या पानांचा! आमच्या तुवालूत त्याला जमिनीला टेकू देत नाहीत, बाई. कुणाची जागा होती ही? झोपला होता की काय?"

"ओळखला," ब्रॉनविन म्हणाली आणि तिनं सेलुकाच्या नावापुढे खूण केली. सेलुकाला हुंदका आवरेना.

म्हाताऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. बाह्या सारून तो पडद्यासमोर पाय रोवून उभा होता.

"पुन्हा टाक, पोरी," तो म्हणाला. "या खेपेला नाही पडू देत."